एका वेळी सहाच

४ मार्च

आजपासून ठरवलं. कुणावर उगाच संशय घ्यायचा नाही. कारण असेल तरच घ्यायचा.

कारण आजच मिळालं. ऑफिसात सर्व्हर सांभाळायला नवीन मॅडम आल्या आहेत. सगळ्यांशी ओळख करून घेत माझ्या टेबलाशी आल्या आणि विचारलं, सीटचं पान तुम्हीच लिहिलंय का. मी हो म्हणालो. त्या 'अच्छा' म्हणाल्या आणि पुढे गेल्या. बाकी कुणाला अच्छा म्हणाल्या नाहीत. मी कान लावून ऐकत होतो.

५ मार्च

पुढेमागे चौकशी झालीच तर मुद्दे तोंडपाठ हवेत, म्हणून लिहून ठेवतो.

आमची कंपनी लांब पल्ल्याच्या बसची तिकिटं ऑनलाइन विकते. त्यात सीटचं पान माझं. गाडीचा नकाशा दिसतो, प्रत्येक सीटचा एक चौकोन. आधी सगळे चौकोन राखाडी. मग ब्राउझर प्रवाशाच्या नकळत, पान जागचं न हलवता, सर्व्हरला एकेका सीटबद्दल विचारतो की बाबा रे, ही रिकामी आहे का. असं विचारणं म्हणजे रिक्वेस्ट. उत्तर आलं की चौकोन हिरवा नाही तर लाल. जादू वाटते. ती मी केली आहे.

आता यातली मेख. ब्राउझर एका सर्व्हरकडे फक्त सहा कनेक्शन उघडतो. एका कनेक्शनवर एका वेळी एकच रिक्वेस्ट. तिचं उत्तर येईपर्यंत दुसरीनं गप्प बसायचं. पन्नास सीटच्या पन्नास रिक्वेस्ट एकदम सुटल्या तर नुसती रेटारेटी. तिकीट पक्कं करायची रिक्वेस्टसुद्धा त्यात चेंगरणार. म्हणून सात वर्षांपूर्वी मी रांग लिहिली. सहा आत, बाकीच्या बाहेर. एक परत आली की पुढची आत. साहेबांनी तेव्हा सगळ्यांदेखत पाठ थोपटली होती. तेव्हापासून त्या कोडच्या फाइलला कुणी हात लावलेला नाही. इतकी ती परिपूर्ण आहे.

९ मार्च

मीटिंग. मॅडमनी जाहीर केलं की सर्व्हर नव्या प्रोटोकॉलवर, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हरच्या बोलण्याच्या नव्या नियमांवर नेणार. एचटीटीपी टू. म्हणे एकच कनेक्शन, पण त्यावरून सगळ्या रिक्वेस्ट एकाच वेळी जातात, आणि ज्याचं उत्तर तयार होईल ते आधी येतं. सहाचं बंधन सुटलं. साहेबांनी मान डोलावली. साहेब पंख्याच्या आवाजालाही मान डोलावतात.

मी एकच प्रश्न विचारला. सगळ्या एकदम आल्या तर गर्दी कोण आवरणार. मॅडम म्हणाल्या, सर्व्हर आवरेल.

म्हणजे आतापर्यंत जे माझ्याकडे होतं ते सर्व्हरकडे जाणार. आणि सर्व्हर कुणाकडे आहे? बोललो नाही. लिहून ठेवतो.

१५ मार्च

नवा प्रोटोकॉल चालू झाला. शोधाचं पान, जुन्या तिकिटांचं पान, रद्द करायचं पान, सगळी सुसाट. लोक एकमेकांना बोलावून दाखवत होते. माझं पान होतं तसंच. चौकोन सावकाश, मान राखून भरतात.

सगळ्यांची पानं पळाली आणि एकच मागे राहिलं. कुणाचं? योगायोग म्हणायला मी काही कालचा आलेलो नाही.

संध्याकाळी मॅडम टेबलाशी आल्या. तुमच्या फाइलमध्ये एक रांग आहे ती बघता येईल का, असं गोड आवाजात विचारलं. मी म्हटलं, फाइलवर काम चालू आहे, सध्या उघडता येणार नाही. मग काम चालू दिसावं म्हणून अर्धा तास टाइप केलं.

१६ मार्च

खबरदारी म्हणून कॉम्प्युटरचा पासवर्ड बदलला. कुणालाही सुचणार नाही असा ठेवला.

१६ मार्च, संध्याकाळ

मलाही सुचत नाही. सपोर्टवाल्याला बोलावलं. त्याचं काम आटपेपर्यंत दिवस गेला. हेही सर्व्हरमुळेच, मुळात जाऊन पाहिलं तर.

१७ मार्च

घरीही काहीतरी शिजतंय. मी दार उघडून आत आलो तेव्हा बायको गॅलरीत फोनवर होती. तिचं शेवटचं वाक्य कानावर आलं. "बरं दादा, मग खिडकीजवळची आठवणीनं ठेवा हं." मला बघून फोन बंद.

तिला भाऊ नाही. माझ्या थोरल्या भावाला ती भाऊजी म्हणते. मग हा दादा कोण, आणि खिडकीजवळची काय? विचारलं तर म्हणाली, काही नाही, असंच. चेहरा मात्र काम झाल्याचा.

दुपारी थोरल्याचा तिला फोन येऊन गेला होता म्हणे. आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन नऊ एप्रिलला ठरलं आहे. आम्ही दोघांनी आठ तारखेच्या बसनं निघायचं. बायको म्हणाली, सीटचं मी बघते. मी साफ सांगितलं की सीट मीच काढणार, माझ्या पानावरूनच काढणार, घरातलं माणूस बाहेर कशाला जाईल. ती काही तरी बोलणार होती, मग नाही बोलली. हेही संशयास्पद. एरवी बोलते.

२१ मार्च

मोठा दिवस.

इंटरनेटवर एक लेख सापडला. कमकुवत नेटवर्कवर एचटीटीपी टू अडखळतो, असं चक्क लिहिलं आहे. कारण सगळा माल एकाच कनेक्शनवर. वाटेत डेटाचं एक पाकीट हरवलं की ते पुन्हा येईपर्यंत मागचे सगळे खोळंबतात. जुन्या पद्धतीत सहा वाटा होत्या, एक अडली तरी पाच चालू.

ताबडतोब फोन घेऊन इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये गेलो. तिथं रेंज नावापुरती. जुना प्रोटोकॉल आमच्या चाचणीच्या सर्व्हरवर अजून आहे. दोन्हींवर शोधाचं पान उघडून पाहिलं, पुन्हा पुन्हा पाहिलं. तळघरात जुनाच पुढे. तिथल्या रखवालदारानं विचारलं, साहेब, गाडी सापडत नाही का. मी म्हटलं, गाडी नाही, पुरावा शोधतोय, आणि सापडला.

वर येऊन साहेबांना मेल टाकला. सगळ्या ऑफिसला कॉपी.

२२ मार्च

मॅडमचं उत्तर. तेही सगळ्यांना कॉपी. म्हणे निरीक्षण अगदी बरोबर आहे, मन:पूर्वक आभार. त्यासाठीच पुढच्या आठवड्यात एचटीटीपी थ्री चालू करतोय. त्यात एका रिक्वेस्टचं पाकीट हरवलं तर तीच थांबते, बाकीच्या चालत राहतात.

लेख पुन्हा उघडून पाहिला. उरलेला अर्धा लेख त्यावरच होता. ही माहिती वर द्यायला हवी होती. लिहिणाऱ्यांना वाचकाची काही पडलेली नसते.

पण मुद्दा तो नाही. त्यांनी माझे आभार मानले. चारचौघांत. काही हवं असल्याशिवाय कोण असं करतं?

२७ मार्च

थ्री चालू. तळघरात जाऊन आलो. शोधाचं पान तिथंही पळतं. रखवालदार म्हणाला, आज बरं दिसतंय का. त्याला कुणी काय सांगितलं कोण जाणे.

माझं पान तळघरात तसंच, वरही तसंच. आता तर खात्री पटली.

दुपारी साहेबांनी आत बोलावलं. आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, ज्याच्या निम्म्याअधिक गाड्यांची तिकिटं आमच्या साइटवर विकली जातात तो बसमालक, चिडला आहे. त्याचं म्हणणं, नकाशा भरेपर्यंत पुढच्या रांगेतल्या सीट दुसरीकडून विकल्या जातात. प्रवाशाला हिरवी दिसते, तो बोट लावतो, ती गेलेली असते. पंधरा एप्रिलपर्यंत सुधारलं नाही तर तो दुसऱ्या कंपनीकडे जाणार. साहेब म्हणाले, तो गेला तर आपल्याला माणसं कमी करावी लागतील. हे बोलताना त्यांनी मान डोलावली नाही.

मी त्यांना धीर दिला. मूळ कुठं आहे ते मला ठाऊक आहे, म्हटलं, फक्त सिद्ध करायचंय.

२८ मार्च

पहारा बसवला.

कल्पना साधी आहे. माझ्या पानावरून सीटची रिक्वेस्ट निघायच्या आधी एक गुप्त चिठ्ठी निघेल, 'निघाली' म्हणून. उत्तर आलं की दुसरी, 'पोचली' म्हणून. चिठ्ठ्या सर्व्हरच्याच नोंदींमध्ये एका कोपऱ्यात जाऊन पडतील. मी सवडीनं वाचणार. सर्व्हर माझ्या रिक्वेस्टना किती वेळ बसवून ठेवतो ते मिनिटामिनिटाला उघड. चोराच्याच घरात पहारेकरी.

चिठ्ठ्यांनाही रांगेतूनच सोडलं आहे. शिस्त म्हणजे शिस्त, ती घरच्यांनाही.

कुणाला सांगितलेलं नाही. दुपारीच चालू केलं.

३० मार्च

पुरावा हाती येतोय. पहारा बसवल्यापासून पान पहिल्यापेक्षा कितीतरी हळू झालंय. म्हणजे सर्व्हरला चाहूल लागली आहे आणि तो जास्तच त्रास देतोय. याहून स्पष्ट काय हवं?

बसमालकाचा साहेबांना रोज एक फोन.

२ एप्रिल

ऑफिसात खळबळ. मॅडमनी सकाळीच सांगितलं की काही दिवसांपासून सर्व्हरवर अनोळखी रिक्वेस्टचा पूर आला आहे. हजारो प्रवाशांच्या ब्राउझरमधून येतात, कशासाठी येतात कळत नाही. बाहेरचा हल्ला असू शकतो.

मी क्षणभर माझ्या चिठ्ठ्यांचा विचार केला. पण त्या अनोळखी नाहीत. मला ओळखीच्या आहेत. तेव्हा हा प्रकार वेगळा.

मीटिंगमध्ये मी उभा राहून बोललो. म्हटलं, बाहेरचं नाही, हे आतल्याच कुणाचं तरी काम आहे. बोलताना मॅडमकडे पाहिलं नाही, पण पाहत नाही हे सगळ्यांना दिसेल अशा बेतानं पाहिलं नाही. साहेब घाबरले. चौकशीला दोघांची समिती नेमली. एक मी. दुसऱ्या मॅडम.

३ एप्रिल

सगळ्यांचे पासवर्ड बदलायचा हुकूम. माझा आधीच बदललेला असल्यानं दूरदृष्टीबद्दल कुणीतरी बोलेल असं वाटलं. कुणी बोललं नाही.

४ एप्रिल

समितीची बैठक, आतल्या छोट्या खोलीत. मॅडमनी आलेख दाखवला. रेघ आडवी चाललेली आणि एका ठिकाणी एकदम भिंतीसारखी उभी. अठ्ठावीस मार्च, दुपार. मी कपाळाला आठ्या घालून तारीख टिपून घेतली. ओळखीची वाटत होती.

त्यांनी विचारलं, त्या दुपारी आपल्याकडे काही नवीन चालू झालं होतं का. मी म्हटलं, तसं काही नाही. त्या म्हणाल्या, सीटच्या पानात? मी म्हटलं, किरकोळ, अंतर्गत स्वरूपाचं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी पाणी प्यायलो. ग्लास रिकामा होता हे नंतर कळलं.

त्या एवढंच म्हणाल्या की आपण दोघं एकदा ती फाइल शांतपणे उघडून बघू या का. मी म्हटलं, आई आजारी आहे, गावाला निघायची गडबड आहे, आल्यावर. आई आजारी आहे हे खरं आहे. गडबड चार दिवसांनी आहे.

चिठ्ठ्या काढून टाकल्या तर माझा पुरावा जाईल. ठेवल्या तर मी जाईन, असं एक क्षण वाटलं. सार्वजनिक हिताचा विचार करून तूर्त ठेवल्या.

५ एप्रिल

आठ तारखेच्या गाडीची सीट काढायला बसलो. पुढून तिसरी ओळ, दोन शेजारी शेजारी, हिरव्या. बोट लावलं. गेल्या. मधल्या ओळीत दोन. गेल्या. नकाशा अजून भरतच होता. माझे प्रवासी एवढे चपळ असतील असं वाटलं नव्हतं. शेवटी मागच्या टोकाला, चाकाच्या वर, एक मिळाली. एकच.

बायकोला सांगितलं की गाडी अचानक भरली, तुझ्यासाठी उद्या पुन्हा बघतो. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, माझी आहे. खिडकीजवळची. पंधरा दिवस होऊन गेले.

कुठून मिळाली, विचारलं. म्हणाली, बसच्या काउंटरवरच्या दादांना फोन करते ना मी, ते ठेवतात.

माझ्या मनावरचं मोठं ओझं उतरलं. सतरा मार्चपासून मी जे काही मनात आणलं होतं ते इथं लिहिणार नाही. हलकं वाटून मी हसलोसुद्धा. मग विचारलं, कधीपासून करतेस असं. ती म्हणाली, पहिल्यापासूनच. सात वर्षं.

हसू थांबलं. आधीचा संशय खरा निघाला असता तर परवडलं असतं असं नाही, पण हेही सोपं नव्हतं. मी म्हटलं, माझं पान असताना? तेव्हा तिनं जुडी खाली ठेवली.

"अरे, तुझं पान उघडेपर्यंत गाडी पोचते," ती म्हणाली. "तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही. तुझीही सीट त्यांनी ठेवली होती माझ्या शेजारी. तू साइटवरूनच काढणार म्हणालास, म्हणून सोडून द्यायला सांगितली."

काउंटरवाल्याचा हेतू काय असावा?

८ एप्रिल

बसमध्ये लिहितोय, अक्षर हलतंय. ती पुढे खिडकीशी, डोकं टेकून झोपली आहे. मी मागे चाकावर.

शेजारचा गृहस्थ परतीचं तिकीट फोनवर काढत होता. माझं पान. इतक्या जवळून दुसऱ्याच्या हातात ते मी कधी पाहिलं नव्हतं. चौकोन राखाडी. त्यानं फोन हलवला. मग पुढच्या खिडकीकडे धरला. मग डोक्याच्या वर धरला. एक चौकोन हिरवा झाला, त्यानं घाईनं बोट लावलं, लाल. पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्यांदा त्यानं फोन मांडीवर पालथा टाकला आणि मला म्हणाला, "हे ज्यानं केलंय ना, त्याला एकदा माझ्या शेजारी आणून बसवायला पाहिजे."

मी बाहेर बघायचं ठरवलं. मागच्या सीटला खिडकी नाही. पत्र्याकडे बघितलं.

थोड्या वेळानं समजावून सांगितलं की अशा वेळी दोष बहुधा सर्व्हरवाल्यांचा असतो. त्यानं विचारलं, तुम्ही काय करता. मी म्हटलं, शिक्षक आहे. कोणता विषय, विचारलं. म्हटलं, इतिहास.

१० एप्रिल

आईचं ऑपरेशन नीट झालं. डोळ्यावर पट्टी आहे, बाकी ठणठणीत. थोरला आणि वहिनी झोपू देत नाहीत एवढी काळजी घेतायत.

आईनं विचारलं, तुझं तोंड का उतरलंय. मी तिला सोप्या भाषेत सांगितलं. म्हटलं, आधी रस्ता अरुंद होता, म्हणून मी लोकांना सहा-सहानं सोडायचो. आता त्यांनी रस्ता मोठा केलाय, पण माझ्या लोकांना काही लवकर पोचू देत नाहीत.

आईनं चाचपडत उशी सारखी केली. मग म्हणाली, "आणि तू अजून सहा-सहानंच सोडतोस?"

मी म्हटलं, एवढं सोपं नसतं ते. ती म्हणाली, असेल बाबा, मला थोडं पाणी दे.

ऑपरेशननंतर माणूस गुंगीत बोलतं. खात्री करून घ्यावी म्हणून हीच गोष्ट थोरल्याला सांगितली. तोही तेच म्हणाला, आणि वर हसला. त्याचं ऑपरेशन झालेलं नाही.

११ एप्रिल

दुपारी मॅडमचा फोन. आधी आईची चौकशी केली. बराच वेळ, खरोखर विचारल्यासारखी. मी सावध होतो.

मग म्हणाल्या, "त्या चिठ्ठ्या तुमच्याच आहेत ना? मी साहेबांना अजून काही बोललेले नाही. तुमची हरकत नसेल तर चिठ्ठ्या आणि रांग, दोन्ही काढून बघते. परवा बसमालक येतायत."

मी अंगणात जाऊन उभा राहिलो. रेंज जाते आहे असं सांगितलं आणि फोन ठेवला. रेंज उत्तम होती.

तासाभरानं मेसेज टाकला: ठीक.

यामागे डाव आहे, माझा. रांग काढली की पन्नासच्या पन्नास रिक्वेस्ट एकदम सुटणार, सर्व्हर कोसळणार, आणि रांग म्हणजे काय चीज होती ते सगळ्यांना कळणार. मग मला फोन येईल. फोन चार्जिंगला लावून ठेवला आहे.

१२ एप्रिल

फोन आला नाही.

१३ एप्रिल

फोन नाही. बहुतेक सगळे सर्व्हर उचलण्यात गुंतले असतील. न राहवून मीच पान उघडलं.

पूर्ण नकाशा एकदम समोर. हिरवे, लाल, सगळे चौकोन जागच्या जागी. राखाडी रंग मला दिसलाच नाही. पहिल्यांदा वाटलं, हे पान नाही, पानाचा फोटो आहे. मला फसवायला लावलेला. दुसरी गाडी उघडली. तेच. थोरल्याच्या फोनवरून, वहिनीच्या फोनवरून, शेवटी शेजारच्या काकांना उठवून त्यांच्या फोनवरून. सगळीकडे तेच.

अजून खात्री होईना म्हणून परतीच्या गाडीच्या एका हिरव्या सीटला बोट लावलं. मिळाली. शेजारच्या सीटला लावलं. तीही मिळाली. खिडकीजवळच्या.

बायकोला दाखवलं. ती म्हणाली, अरे वा. मग म्हणाली, दादांना सांगते, या वेळी नको म्हणून. तिला बरं वाटलेलं दिसलं. मला नक्की काय वाटलं ते बसमधून उतरल्यावर बघू.

१५ एप्रिल

साहेबांचा मेल, सगळ्यांना. बसमालक खूश आहे, राहतोय, उरलेल्या गाड्याही देतोय. कुणाचीही नोकरी जाणार नाही. मॅडमचे आणि माझे आभार. माझे कशाबद्दल? तर मॅडमनी सांगितलं म्हणे की सीटच्या पानात मोठा बदल करायला मी मोकळ्या मनानं मंजुरी दिली. अनोळखी रिक्वेस्टबद्दल एकच ओळ: चाचणीचा थोडा कोड राहून गेला होता, काढला आहे. कुणाचा ते नाही. समिती बरखास्त.

नाव का घेतलं नाही? सकाळपासून हाच विचार. पुढे कधीतरी वापरायला राखून ठेवलं असेल. किंवा माझी जागा हवी असेल. किंवा साहेबांशी आधीच ठरलं असेल. सगळ्या शक्यता बायकोपुढे मांडल्या आणि विचारलं, त्या बाईला माझ्याकडून काय हवं असेल.

बायको म्हणाली, काही नको असेल.

ही शक्यता मी धरली नव्हती.

१७ एप्रिल

ऑफिस. येताना ठरवून आलो होतो की आज मॅडमना स्पष्ट विचारायचं. तोपर्यंत नेहमीची कामं उरकू म्हटलं.

फाइल उघडली. रांग गेलेली. सात वर्षांचं काम, स्क्रीन सरकवत सरकवत जावं लागायचं इतकं लांब, त्याच्या जागी काही ओळी. सगळ्या सीट एकदम विचारा, येईल तसं उत्तर भरा. बस. वरती लेखक म्हणून अजून माझंच नाव आहे. तेही काढायचं विसरल्या असतील.

मेल पाहिले. तक्रार नाही. सात वर्षांत रोज सकाळी सीटच्या पानाबद्दल काही ना काही यायचंच. कुणाचं तिकीट अडकलं, कुणाचा नकाशा भरेना, बघा जरा. मी बघायचो. आज काही नाही. फोन उचलून पाहिला, चालू होता. जेवणानंतर एकानं येऊन सांगितलं, पान मस्त झालंय हो तुमचं. मी थँक्यू म्हटलं. दुसऱ्यानं सांगितलं, त्यालाही म्हटलं.

चारच्या सुमारास लक्षात आलं की आज दिवसभरात कुणालाच माझी गरज पडलेली नाही.

उठलो. मॅडमच्या टेबलाशी गेलो. जे स्पष्ट विचारायचं ठरवलं होतं ते आठवत होतं, शब्दसुद्धा तयार होते. तोंडातून भलतंच निघालं. म्हटलं, तुमच्याकडे काही काम असेल तर बघा, मी मोकळा आहे.

त्यांनी स्क्रीनवरून नजर न काढता शेजारच्या खुर्चीकडे हात केला आणि म्हणाल्या, बरं झालं आलात, रद्द करायच्या पानात एक गोष्ट अडली आहे, तुम्हाला जुनं माहीत असेल. बसलो. माहीत होतं. सहा वाजेपर्यंत दोघं तेच करत होतो.

खुर्ची आधीपासूनच तिथं ओढून ठेवलेली होती. मी येणार हे त्यांना कसं कळलं, ते मात्र शोधून काढायला हवं.